पडत्या काळातील पुरुषार्थ : जमशेटजी नसरवानजी टाटा

कापसाचा भाव म्हणजे काय, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यास कोणी शिकवावे लागत नाही. भाव चढला की घरात नवी वस्त्रे येतात, बहिणीचे लग्न ठरते आणि शाळेची फी वेळेवर भरली जाते. भाव उतरला की वडील रात्री उशिरापर्यंत अंगणात बसून राहतात, सावकाराच्या वहीत एक ओळ वाढते, आणि वर्गातील एखादी जागा रिकामी दिसू लागते. त्या जागेवर बसणारा मुलगा मठ्ठ असतो असे नाही. त्या वर्षीचा बाजार मंद असतो, एवढेच. म्हणूनच पुष्कळ पालकांच्या मनात एक प्रश्न घोळत असतो : आपल्या मुलाने असा कोणता धंदा धरावा, की जो सुबत्तेत वाढेल आणि मंदीतही बुडणार नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी सिद्धान्तांपेक्षा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रात अधिक स्पष्टपणे सापडते. आपल्याच वऱ्हाडच्या कापसावर ज्यांच्या कीर्तीचा पाया रचला गेला, त्या जमशेटजी टाटांचे चरित्र ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजराथेतील नवसारी येथे झाला. हे गाव तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात मोडत असे. त्यांचे घराणे पारशी धर्मोपदेशकांचे. पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा हाच त्यांचा व्यवसाय. परंतु जमशेटजींचे वडील नसरवानजी यांनी ही चाकोरी सोडून मुंबईस जाऊन व्यापार आरंभिला. पुढे त्यांनी मुलासही मुंबईस आणले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. तेथील विद्याभ्यास १८५८ साली पुरा करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत काम करू लागले. वाचनाची जी गोडी त्यांस कॉलेजात लागली, ती जन्मभर सुटली नाही. व्यापारी मनुष्यास ग्रंथांचे काय काम, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढे त्यांनी जे जे उद्योग काढले, त्यांतील प्रत्येकाच्या आधी त्या विषयाचा कसून अभ्यास त्यांनी केलेला दिसतो.

१८५९ साली वडिलांनी त्यांस चीन देशाकडे हाँगकाँग येथे पाठविले. तेथील व्यापार मुख्यतः कापूस आणि अफू ह्या दोन जिनसांचा होता. अफूच्या व्यापाराने मुंबईची अनेक घराणी त्या काळी धनवान झाली, आणि टाटांची पेढीही त्यातून अलिप्त नव्हती. चरित्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. तो व्यापार कायदेशीर असला, तरी लक्षावधी चिनी कुटुंबांच्या नाशास तो कारण झाला, हे आज कोणीही नाकारणार नाही. ज्या धंद्यात गिऱ्हाईकाचे अकल्याण तोच आपला नफा, तो धंदा मंदीतही चालतो खरा. दारूचे दुकान दुष्काळातही उघडे असते. परंतु चालणारा प्रत्येक धंदा करण्याजोगा असतो असे नाही. जमशेटजींची कीर्ती अफूवर उभी राहिली नाही, ती निराळ्याच पायावर उभी राहिली, हे त्यांचे आणि आपल्या देशाचे भाग्य होय.

इतक्यात १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडील संस्थानांतून इंग्लंडास जाणारा कापूस बंद पडला, आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे आशेने पाहू लागल्या. भाव भराभर चढले. पूर्वीच्या वाजवी भावाहून अधिक अशी सुमारे आठ कोटी पौंडांची संपत्ती त्या चार-पाच वर्षांत मुंबईत आली, असा हिशेब त्या काळचे लेखक देतात. वऱ्हाडनागपुरातही पैशाचा पूर आला. काही शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या, अशी आख्यायिका अद्याप सांगतात. मुंबईत तर लोकांस वेड लागल्यासारखे झाले. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन काढण्याची एक योजना निघाली, तिच्या पाच हजारांच्या शेअरला कित्येक पटींनी अधिक किंमत येऊ लागली. शेअर विकत घेणाऱ्यांस त्या कंपनीचे काम काय, हे पुष्कळदा ठाऊकही नसे. उद्या भाव आणखी चढेल, एवढ्या एका विश्वासावर सारा डोलारा उभा होता.

१८६४ च्या अखेरीस जमशेटजी लंडनला निघाले. तेथे एक हिंदी बँक काढावी, असा त्यांच्या पेढीचा आणि त्या काळचे सट्टेबाजांचे राजे प्रेमचंद रायचंद यांचा बेत होता. परंतु ते लंडनला पोचून स्थिरस्थावर होतात न होतात, तोच एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा मुंबईतील वायद्यांच्या फेडीचा दिवस. त्या दिवशी कालचे लक्षाधीश आज कर्जबाजारी ठरले. बँका बुडाल्या, पेढ्यांना कुलपे लागली, आणि खुद्द बॉम्बे बँकेचाही कारभार १८६८ साली आटोपला. जमशेटजींजवळच्या हुंड्यांना आणि कागदांना लंडनमध्ये रद्दीची किंमत आली. परक्या मुलखात, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, घेणेकऱ्यांच्या दारात उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर आली.

असा प्रसंग आला म्हणजे मनुष्याचे खरे भांडवल दिसून येते. जमशेटजी पळाले नाहीत, लपले नाहीत, की त्यांनी हिशेबाच्या वह्या दडविल्या नाहीत. त्यांनी सर्व घेणेकऱ्यांस एकत्र करून आपली स्थिती जशीच्या तशी त्यांच्यापुढे मांडली. ह्या सरळपणाचा परिणाम असा झाला, की घेणेकऱ्यांनी त्यांच्याच पेढीचे देणे-घेणे मिटविण्याचे काम दरमहा वीस पौंड वेतनावर त्यांच्याच हाती सोपविले. ज्याचे दिवाळे निघाले, त्यालाच विश्वासाने तिजोरीच्या किल्ल्या देण्याचा हा प्रकार व्यापाराच्या इतिहासात विरळा होय. मंदी आली म्हणजे माल पडून राहतो, जमीन विकली जात नाही, दागिन्यांस निम्मी किंमत येते. मात्र ज्याची पत शिल्लक राहिली, त्यास पुन्हा आरंभ करता येतो. जमशेटजींच्या पुढील सर्व उद्योगांचे मूळ भांडवल लंडनमधील त्या बैठकीत राखले गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पेढीस पुन्हा उभारी मिळाली ती एका अकल्पित कारणाने. १८६७-६८ साली जनरल नेपियर यांची फौज मुंबईहून आबिसिनियाच्या स्वारीवर गेली. त्या फौजेस अन्नसामग्री व इतर जिन्नस पुरविण्याचा मक्ता काही व्यापाऱ्यांच्या मंडळीस मिळाला. त्यात नसरवानजी टाटा भागीदार होते. स्वारी अपेक्षेपेक्षा लवकर संपली आणि मक्तेदारांस मोठा नफा झाला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या वेळी मुंबईत शेअरांचे, जमिनींचे आणि चैनीच्या वस्तूंचे व्यापार मेले होते; पण धान्य, मीठ, दाणागोटा यांचा व्यापार मेला नव्हता. मनुष्य गरीब झाला तरी जेवणे सोडीत नाही. तो नवा अंगरखा शिवीत नाही, पण जुन्यास ठिगळ लावण्यासाठी शिंप्याकडे जातोच. नवे जोडे घेत नाही, पण जुन्यांस टाके घालून घेतो. नवे औत घेत नाही, पण जुन्या औताचा फाळ लोहाराकडून शेवटवून आणतो. पडत्या काळात तगणारे धंदे पाहावयाचे असतील, तर ते अशा गरजेच्या व दुरुस्तीच्या धंद्यांत पाहावेत.

मात्र युद्धाचा मक्ता हे दैवाचे दान होते. ते पुन्हा मिळेल, अशा आशेवर बसण्याइतके जमशेटजी भोळे नव्हते. मिळालेल्या पैशातून कायमचा उद्योग उभारावा, असे त्यांनी ठरविले. १८६९ साली मुंबईस चिंचपोकळी येथे एक तेलाची गिरणी दिवाळे निघून बंद पडली होती, ती त्यांनी विकत घेतली. तेल काढण्याची यंत्रे हलवून तेथे सूत काढण्याची यंत्रे बसविली, आणि तिचे नाव अलेक्झांड्रा मिल असे ठेवले. सुमारे दोन वर्षांत ही गिरणी नीट चालू लागताच त्यांनी ती केशवजी नाईक ह्या व्यापाऱ्यास नफ्याने विकली. मंदीमध्ये चांगल्या इमारती व चांगली यंत्रे मातीमोलाने मिळतात. ज्यापाशी रोख पैसा, धीर व त्या कामाचे ज्ञान ही तिन्ही असतील, त्यास तीच वेळ खरेदीची. तिन्हींपैकी एक जरी उणे असले, तरी तीच खरेदी गळ्यास फास होते. ह्याचाही अनुभव जमशेटजींस पुढे आलाच, तो योग्य स्थळी सांगू.

गिरणी विकून जमशेटजी स्वस्थ बसले नाहीत. ते पुन्हा इंग्लंडास गेले आणि लँकेशायरमध्ये कापसाचे सूत व कापड कसे निघते, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. परत आल्यावर त्यांनी एक साधा प्रश्न स्वतःस विचारला. वऱ्हाडचा कापूस शेकडो मैल मुंबईस जातो, तेथून जहाजाने इंग्लंडास जातो, आणि त्याचेच कापड होऊन तितकाच मार्ग उलट चालून वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या अंगावर येते. ह्या साऱ्या प्रवासाचे भाडे कोण देतो? ते शेतकरीच देतो, एकदा कापूस स्वस्त विकून आणि दुसऱ्यांदा कापड महाग घेऊन. तेव्हा जेथे कापूस पिकतो तेथेच गिरणी का असू नये? त्या काळी मुंबई ही गिरण्यांची राजधानी होती, आणि शहाणे म्हणविणारे सर्व व्यापारी नवी गिरणी मुंबईतच काढीत.

जमशेटजींनी जबलपुराकडील जागाही पाहिली, परंतु शेवटी नागपूर पसंत केले. कारणे उघड होती. सभोवार कापसाचा मुलूख. वरोऱ्यास दगडी कोळसा. आणि १८६७ पासून मुंबईस जोडणारी आगगाडी. हीच आगगाडी आपल्या मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव ह्या स्टेशनांवरून जाते. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत फाटा तयार झाला, तो लॉर्ड मेयो ह्या गव्हर्नर जनरलांच्या हस्ते खुला झाला, आणि खामगावची कापसाची पेठ थेट बंदराशी जोडली गेली. त्या फाट्याने गाठी बाहेर जाणे सोपे झाले. परंतु गाठी बाहेर जाणे म्हणजेच मजुरी बाहेर जाणे, हे जमशेटजींनी ओळखले. १८७४ साली त्यांनी पंधरा लक्षांच्या भांडवलाची कंपनी काढली. नागपुरात जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन ती भरून काढण्याचे काम सुरू झाले. तेथील एका सावकारास भांडवल मागितले, तेव्हा जमिनीत सोने ओतून ती भरणाऱ्याच्या नादी आपण लागणार नाही, असे म्हणून त्याने नकार दिला. पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर, त्या गृहस्थाने मातीच टाकली होती व सोने वर काढले, अशी कबुली त्याच सावकाराने दिली, असे सांगतात.

१ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्लीस व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्याच दिवशी ही गिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. आरंभी सुमारे तीस हजार चाती आणि ४५० माग तीत होते. काळ काही अनुकूल नव्हता. दक्षिणेत १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ चालू होता. शिवाय सुरुवातीस काटकसर म्हणून घेतलेली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली. शेअरांचा भाव पडला आणि लोक हसू लागले. परंतु जमशेटजींनी दोष नशिबाच्या माथी न मारता यंत्रांत शोधला. हलकी यंत्रे काढून टाकून चांगली बसविली. अमेरिकेत निघालेली रिंग नावाची नवी चाती लँकेशायरचे पुष्कळ कारखानदार त्या काळी साशंक नजरेने पाहत होते. जमशेटजींनी ती नागपुरास आणून तिची परीक्षा घेतली, आणि ती उतरल्यावर ती सर्रास वापरली. थोड्या खर्चात अधिक सूत निघू लागले. बाजारात सुताचा भाव पडला तरी ज्याचा काढण्याचा खर्च सर्वांहून कमी, तो सर्वांच्या शेवटी बुडतो, आणि बहुधा तोपर्यंत वाईट दिवस निघून गेलेले असतात. एम्प्रेस मिल टिकली ती ह्या एका नियमाने.

माणसे निवडण्याची जमशेटजींची दृष्टी विलक्षण होती. गिरणीची व्यवस्था त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता ह्या गृहस्थांकडे सोपविली. बेझनजी पूर्वी आगगाडीच्या माल-खात्यात नोकर होते; गिरणीचा त्यांस अनुभव नव्हता. पण ते सचोटीचे, कष्टाळू व शिकण्यास तयार होते, एवढे जमशेटजींस पुरे झाले. मजुरांची गैरहजेरी ही नागपुरातील मोठी अडचण होती. पोटापुरते मिळाले की लोक कामावर येत नसत. जमशेटजींनी दंड वाढविण्याऐवजी नियमितपणे येणाऱ्यांस बक्षिसे देण्याची पद्धत घातली. गिरणीत हवा खेळती राहावी व आग लागल्यास ती विझविता यावी, म्हणून यंत्रे बसविली. १८८६ साली कामगारांसाठी पेन्शनफंड सुरू केला, आणि १८९५ साली अपघातात जायबंदी झालेल्यांस भरपाई देण्याची व्यवस्था केली. ह्या गोष्टी सरकारी कायद्याने करावयास लावण्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपण होऊन केल्या. त्यात दया होती, तसा व्यवहारही होता. ज्या कामगारास मालकाचा भरवसा वाटतो, तो वाईट दिवसांत गिरणी सोडून जात नाही.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. १८८६ साली मुंबईजवळ कुर्ला येथील धरमसी मिल लिलावात निघाली. तिच्या उभारणीस कितीतरी अधिक खर्च झाला असता जमशेटजींनी ती साडेबारा लाखांस घेतली आणि तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. चिंचपोकळीचाच डाव पुन्हा साधेल, असे सर्वांस वाटले. पण तसे झाले नाही. यंत्रे पार झिजलेली, इमारत गैरसोयीची, माल परत येऊ लागला. शेअरांचा भाव घसरला, आणि टाटांचेच आता दिवाळे निघणार अशी कुजबुज बाजारात सुरू झाली. बँकेने कर्ज नाकारले. तेव्हा जमशेटजींनी एम्प्रेस मिलचे आपले काही शेअर विकून पैसा उभा केला, नागपूरचे कसलेले लोक कुर्ल्यास आणले, आणि यंत्रामागून यंत्र दुरुस्त किंवा नवे केले. काही वर्षांनी स्वदेशी मिलच्या मालास चीनच्या बाजारातही नाव मिळाले. स्वस्त मिळालेली वस्तू स्वस्तच असते असे नाही. तिची खरी किंमत ती चालती करण्यास लागणाऱ्या श्रमांसह मोजावयाची असते. जमशेटजी तरले, कारण त्यांच्यापाशी आधीचा एक उत्तम चालणारा उद्योग होता आणि तो वेळेवर विकावयास काढण्याचा निश्चय होता. ज्याच्याजवळ हे नाही, त्याने केवळ स्वस्ताईस भुलून पडका धंदा घेऊ नये.

त्यांस अपयशही आले, हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. मुंबईहून चीन-जपानास सूत नेणाऱ्या विलायती आगबोटी मनमानी भाडे घेत. १८९३ साली जमशेटजी स्वतः जपानास गेले आणि तेथील कंपनीशी करार करून त्यांनी टनास एकोणीस रुपयांऐवजी बारा रुपये दराची आपली आगबोटींची फेरी सुरू केली. तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी आपले भाडे दोन रुपयांच्याही खाली उतरविले. तोटा सोसण्याची ज्याची शक्ती मोठी, तो अशा झुंजीत जिंकतो. व्यापाऱ्यांनीही आजच्या स्वस्त भाड्यास भुलून टाटांची साथ सोडली. फेरी बंद पडली आणि लाखावर रुपये गेले. फेरी बंद पडताच भाडे पुन्हा चढले, हे निराळे सांगावयास नको.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. लोक शहर सोडून पळू लागले आणि व्यापार ओस पडला. अशा दिवसांत, १८९८ च्या सुमारास, जमशेटजींनी अपोलो बंदराजवळ एक भव्य हॉटेल बांधावयास काढले. पडत्या शहरावर एवढा विश्वास कोणी दाखवावा, याचे अनेकांस नवल वाटले. तेच ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. ह्याच काळात उच्च शास्त्रीय शिक्षणाची संस्था काढण्यासाठी आपल्या मालमत्तेपैकी तीस लाखांची मिळकत देण्याचे त्यांनी जाहीर केले. बंगळूरची ती संस्था त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ साली स्थापन झाली. त्याआधी १८९२ सालीच, होतकरू तरुणांस परदेशी शिकता यावे म्हणून त्यांनी निधी ठेवला होता. उद्योगाचे बी विद्येत आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्यांचे शेवटचे स्वप्न पोलादाचे. चांद्याकडील लोखंडाच्या खाणींविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांनी १८८२ साली वाचला, तेव्हापासून हा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. वयाची साठी उलटल्यावर, १९०२ साली, ते अमेरिकेस गेले व तेथील पोलादाचे कारखाने पाहून तज्ज्ञांस इकडे बोलावून आले. परंतु कारखाना पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र दोराबजी आणि सहकारी यांनी काम पुढे चालविले. १९०७ साली लंडनच्या नाणेबाजारात पैशाची ओढ होती, आणि तेथे भांडवल उभे राहीना. तेव्हा त्यांनी स्वदेशातील लोकांपुढे झोळी पसरली. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सोळा लाख तीस हजार पौंडांचे शेअर घेतले. लंडनच्या सावकारांस जो धोका वाटला, तो येथील सामान्य माणसांस वाटला नाही, ह्याचे कारण कारखान्याचे नकाशे नव्हते. १८६५ पासून राखलेली पत होती. १९१२ साली साकची येथे पोलाद निघाले, आणि १९१९ साली त्या गावास जमशेदपूर हे नाव मिळाले.

पत ही वारशानेही कशी उतरते, ते पुढे दिसून आले. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचा भाव कोसळला आणि १९२४ च्या सुमारास कारखान्यापाशी मजुरांचे पगार भागविण्यापुरताही पैसा उरला नाही. त्या वेळी दोराबजींनी आपली खाजगी संपत्ती, पत्नीच्या जडजवाहिरासह, बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढले आणि कारखाना वाचविला. पुढे १९२९ नंतर साऱ्या जगावर मंदीची छाया पडली, तेव्हाही उद्योगांच्या नशिबांत हाच भेद दिसला. कापसाच्या व धान्याच्या भावाने शेतकरी जर्जर झाला. परंतु १९३२ साली साखरेस जकातीचे संरक्षण मिळताच महाराष्ट्रात साखरेचे कारखाने निघू लागले, आणि जेथे ऊस पिके तेथेच तो गाळला जाऊ लागला. जमशेटजींनी नागपुरास कापसाविषयी जे केले, तेच येथे उसाविषयी झाले.

एम्प्रेस मिल आज चालू नाही. नव्या यंत्रांच्या व नव्या बाजारांच्या काळात ती मागे पडली आणि शेवटी बंद झाली. ह्यावरून जमशेटजींचा विचार खोटा ठरत नाही, उलट तो खराच ठरतो. जी गिरणी नवी चाती सर्वांआधी स्वीकारून जगली, ती नवेपणा थांबल्यावर जगली नाही. कोणताही धंदा एकदा उभारला म्हणजे तो अमर झाला, असे मानू नये.

विद्यार्थी-मित्रहो, ह्या चरित्रातून जे हाती लागते, त्याची मोजदाद करून हा लेख संपवू. पडत्या काळात पहिल्याने तो धंदा टिकतो, जो माणसाच्या नित्य गरजेचा आहे. दुसऱ्याने तो, जो मोडके सांधतो व जुने चालते करतो. तिसऱ्याने तो, जो कच्चा माल पिकतो तेथेच त्याचा पक्का माल करतो व वाटखर्च वाचवितो. चौथ्याने तो, ज्याचा उत्पादनाचा खर्च इतरांहून कमी आहे. आणि ह्या सर्वांच्या मुळाशी तो मनुष्य टिकतो, ज्याने सुबत्तेच्या दिवसांत उसने घेऊन चैन केली नाही व अडचणीच्या दिवसांत हिशेब लपविला नाही. पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा तुम्ही वर्गात ऐकली आहे. सात वर्षे भरपूर पिकली असता त्याने कोठारे भरली, म्हणून पुढील सात दुष्काळी वर्षांत मिसर देश तर जगलाच, परंतु ज्या भावांनी त्यास विकले होते त्यांसही तेथूनच धान्य मिळाले. योसेफापाशी दुष्काळ टाळण्याची शक्ती नव्हती. त्याची तयारी करण्याची बुद्धी होती.

पालकांसही नम्रपणे एक विनंती करावीशी वाटते. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी घरात काटकसर करणे प्राप्तच असते. परंतु ती काटकसर मुलाच्या अगर मुलीच्या शिक्षणापासून सुरू करू नये. स्वदेशी मिल बुडू लागली, तेव्हा जमशेटजींनी शेअर विकले, पण नागपूरचे कसलेले लोक काढून टाकले नाहीत. त्या लोकांच्याच हातांनी गिरणी पुन्हा उभी राहिली. घरातील शिकलेले मूल हे तसलेच कसलेले माणूस होय. गाडीच्या चांदीच्या धावा एका मोसमात झिजतात अगर सावकाराच्या घरी जातात. हातातील कसब आणि नावाची पत ही मंदीच्या बाजारातही आपल्यापाशीच राहतात.